उण्याचा खिळा

थोरलीच्या धाकट्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढे त्याच घरात, त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्न का मोडलं हे कुणी विचारलं नाही आणि पुन्हा का जुळलं हेही कुणी विचारलं नाही. गाव एवढंच म्हणालं, "चिन्हबदल झाला."

हा शब्द त्या गावाबाहेर कुणाला कळायचा नाही. तो कुठून आला हे सांगायचं तर ग्रंथकारांपासून सुरुवात करायला हवी.

ग्रंथकार म्हणजे थोरलीचे, त्या घरच्या थोरल्या सुनेचे, सासरे. त्यांनी जन्मात एकच पुस्तक लिहिलं, तेही विकलनाचं. पण गावात दुसऱ्या कुणी एकही न लिहिल्यामुळे ते ग्रंथकार ठरले. घराच्या खालच्या मजल्यावर घरचाच छापखाना. पुस्तक तिथे छापलं जायचं आणि रस्ता ओलांडून समोरच्या शाळेत जायचं. तिथून आजूबाजूच्या शाळांत गेलं. जिथे गेलं तिथे चिकटलं, कारण बदलायचं म्हटलं तर दुसरं वाचावं लागलं असतं.

या पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात सातवं गणित होतं. वर क्ष अधिक एक, खाली क्ष उणे एक, मध्ये भागाकाराची रेघ. अशा फलनाला परिमेय फलन म्हणतात. त्याचा विकलज, म्हणजे किंमत बदलण्याचा वेग, व्याख्येवरून काढा, असं गणित. 'व्याख्येवरून' हा त्यातला काटा. तयार सूत्राला हात लावायचा नाही. क्षला जरासं पुढे ढकलायचं. त्या जराशाला पुस्तकात 'ह' म्हटलेलं होतं. ढकलल्यावर फलनाची किंमत किती बदलली ते पाहायचं, त्या बदलाला ह ने भागायचं आणि मग ह ला शून्याकडे न्यायचं. न्यायचं, पण पोचवायचं नाही. घाईघाईने आधीच शून्य केलं तर वरही शून्य, खालीही शून्य, आणि मध्ये घाम पुसणारा विद्यार्थी. म्हणून आधी वरचे कंस सोडवायचे, वरचा आणि खालचा ह एकमेकांना मारायचे, आणि मगच सीमा घ्यायची. तापलेलं दूध फुंकून प्यावं तसं ते काम.

नीट केलं की उत्तर येतं: उणे दोन, भागिले क्ष उणे एकचा वर्ग.

पुस्तकाच्या मागे मात्र छापलं होतं: दोन, भागिले क्ष उणे एकचा वर्ग. उणे नाही.

पुस्तक निघालं त्या पहिल्या वर्षी एक गणिताचे मास्तर ग्रंथकारांच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "काहीतरी माझंच चुकत असणार. मला उणे येतंय." ग्रंथकारांनी पुस्तक उघडलं, मागचं पान पाहिलं. चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला. आणि म्हणाले, "तिथे चिन्हबदल होतो."

"हां हां, चिन्हबदल!" मास्तर म्हणाले. कसला, का, कुठल्या नियमाने, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे कळलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पाळण्यात असल्यापासून ठाऊक असल्यासारखं सांगितलं, "आणि इथे, मुलांनो, चिन्हबदल होतो."

झालं. मार्गदर्शकं निघाली, त्यांत शेवटच्या ओळीच्या आधी कंसात छापून आलं, 'चिन्हबदलाने'. परीक्षेत त्या पायरीला एक गुण लागला. ज्याला गणित येत नसे तोही कोऱ्या पानावर 'चिन्हबदलाने' लिहून एक गुण घेऊन घरी जाई. पुढे ती मुलं मोठी झाली आणि शब्द गावभर पसरला. दूध पातळ लागलं तर गवळी म्हणायचा, "पाणी नाही हो ताई, चिन्हबदल आहे." शाळेचा निकाल वर्षागणिक उतरत होता, त्याचा तक्ता हेडसरांच्या खोलीत टांगलेला होता, रेघ डावीकडून उजवीकडे घसरत जायची. हेडसरांनी तो पातळ कागदाचा तक्ता पाठ पुढे करून उलटा टांगला. आकडे आरशातल्यासारखे उलटे झाले, पण रेघ चढायला लागली. पाहुणे तक्त्याकडे पाहून म्हणत, "वा, प्रगती आहे!"

अशा गावात थोरली सून म्हणून आली.

तिचं शिक्षण दुसऱ्या गावात, दुसऱ्या पुस्तकावर झालेलं. गणित शिकवायला माणूस नव्हता म्हणून समोरच्या शाळेने तिला घेतलं, पण तात्पुरतं. दरवर्षी शाळा सुटली की तिची नोकरी सुटायची आणि शाळा भरली की भरायची. त्या वर्षी वरून फर्मान आलं की तात्पुरत्या जागा बंद. तपासनीस पाठ बघतील, पसंत पडला तर माणूस कायम, नाहीतर घरी. थोरलीला घरी म्हणजे काय ते ठाऊक होतं. घरी म्हणजे खालच्या मजल्यावर छापलेले कागद दुमडत बसणं आणि दर दुमडीला सासूबाईंचं एक वाक्य ऐकणं.

सातव्या गणिताशी तिची गाठ पडली ती पहिल्याच वर्षी. फळ्यावर गणित सोडवून तिने उणे दोन लिहिलं, हात झटकला आणि मागे वळली. वर्ग तिच्याकडे बघतच राहिला. पुढल्या बाकावरची वर्गप्रमुख मुलगी अदबीने उठली. "बाई, चिन्हबदल राहिला."

"काय राहिलं?"

"चिन्हबदल. त्याला एक गुण असतो."

"कसला बदल? का?"

मुलीने दया आल्यासारखं पाहिलं. "असं विचारायचं नसतं बाई. तो होतो."

त्या दिवसापासून शाळेत तिचं नाव 'उणेबाई' पडलं. ती दरवर्षी उणे दोन शिकवायची. मुलं ते वहीत लिहायची आणि परीक्षेत चिन्हबदल करून यायची. सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात माझं उणंदुणं काढून झालं, आता शाळेत यांचं काढायला निघालीस होय?"

"सासूबाई, मी कुणाचं काढत नाही. ते आपोआप येतं."

"आमच्या वेळी नाही काही आपोआप यायचं!"

तपासणीच्या आधी हेडसरांनी तिला खोलीत बोलावलं. उलट्या तक्त्याखाली बसून ते म्हणाले, "बाई, पाठ कुठला ठरवलाय?"

"कुठलाही घेईन, सर."

"कुठलाही नाही. चौथ्यातलं सातवं. गावाची शान आहे ती. तपासनीसांना ऐकून माहिती आहे. आणि खुद्द ग्रंथकार समोर खुर्चीत बसणार. तुमचे सासरे! सून फळ्याजवळ, सासरे खुर्चीत, असा योग कुठे असतो सांगा."

"सर, त्या गणिताचं उत्तर उणे दोन आहे."

हेडसरांनी दार लावून घेतलं. "असेल. उत्तर काहीही असेल. पण पाठ संपताना फळ्यावर काय असेल ते सांगा."

"जे येईल ते."

"बाई, तुम्ही हुशार आहात. म्हणून सोपं करून सांगतो. चिन्हबदल केलात तर कायम. नाही केलात तर नाही. यात कुठेही कंस नाही, की सीमा नाही."

थोरली घरी आली ती तडक खालच्या मजल्यावर गेली. तिचा नवरा यंत्राला तेल घालत होता. छापखाना तोच बघायचा, शाळा संपल्यापासून. स्वभावाने बरा माणूस. कामाकडे जायचा, पण पोचायचा क्वचित.

"अहो, एक खरं सांगा. मागच्या पानावरचं ते उणं गेलं कुठे?"

"कुठलं उणं?"

"माझ्याकडे बघून सांगा."

नवऱ्याने तेलाची बुधली खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग भिंतीलगतच्या लाकडी पेटीकडे गेला. पेटीत छोटे छोटे खण, प्रत्येक खणात शिशाचे खिळे, एका खिळ्याच्या डोक्यावर एक अक्षर. त्याने एक खण बाहेर ओढला. "हा उण्यांचा. त्या वेळी निम्मासुद्धा भरलेला नव्हता. मागचं पान नुसत्या उत्तरांचं. तिथे उण्यांची ही गर्दी! जुळवता जुळवता शेवटी एक खिळा कमी पडला."

"एक?"

"एकच. खिळे जुळवणारे दादा सुट्टीवर होते, मीच बसलो होतो जुळवायला. म्हटलं एवढ्या उण्यांत एक नसलं तर कोणाला कळतंय."

"अहो, साधी रेघ लावायची होती! रेघेचे खिळे काय कमी असतात?"

नवरा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. "हे तेव्हा कुणी बोललं नाही," तो म्हणाला.

थोरली कपाळाला हात लावून कागदांच्या गठ्ठ्यावर बसली. "आणि मामंजींना कळल्यावर? चुकीची दुरुस्ती एका चिठोऱ्यावर छापून पुस्तकात टाकता आली असती."

"टाकणारच होते. पण तेव्हा काका घरात होते. त्यांचं रोजचं तुणतुणं, छापखाना विका, याच्याच्याने होणार नाही, हा बुडवेल. पहिलंच पुस्तक माझ्या हातचं. दुरुस्ती काढली असती तर काकांना आयतं कोलीतच मिळालं असतं. दादांनी मला विचारलं, तुझ्या हातून गेलं का? मी हो म्हटलं. आणि दुसऱ्याच दिवशी ते मास्तर ओट्यावर आले."

नवरा वडिलांना दादा म्हणायचा आणि जुळाऱ्यालाही दादा म्हणायचा. घरात त्याची कुणाला अडचण होत नसे.

संध्याकाळी थोरली वर गेली तेव्हा मामंजी खिडकीत बसून नखं कापत होते. पुढ्यात जुना कागद पसरलेला. नखं कापताना त्यांचा चेहरा पुस्तक तपासताना असतो तसा असे.

"मामंजी, उद्या मी सातवं गणित घेतेय."

"हेडसर येऊन सांगून गेले. मला खुर्चीत बसवणार आहेत म्हणे. उशीही आणतायत."

"शेवटी काय लिहू?"

"तुला काय येतं?"

"उणे दोन."

"मग चिन्हबदल कर आणि मोकळी हो."

"कुठल्या नियमाने?"

नख टचकन उडून खिडकीबाहेर गेलं. "घराच्या," मामंजी म्हणाले.

मामंजींनी दुसऱ्या हाताकडे पाहिलं, पण कात्री उचलली नाही. "खाली जाऊन आलीस ना? सांगितलंन् ना त्याने? मग आता विचारतेस कशाला? एकीकडे पोटचा मुलगा, एकीकडे एक आडवी रेघ. रेघ काही रडत नाही."

"वर्गातली मुलंही कुणाची तरी पोटचीच असतात, मामंजी."

"फार बोलतेस."

"तुमचंच बोलते. पहिल्या प्रकरणात तुम्हीच लिहिलंय, कंसाबाहेरचं उणं कंस उघडताना आतल्या प्रत्येकाला लागतं."

मामंजी हसले; ते क्वचित हसत. "लिहिलंय खरं. म्हणूनच तर कंस उघडला नाही कधी. तू, हा, तुझी सासू, लग्नाला टेकलेली पोर, सगळी आतच आहात." मग गंभीर होऊन म्हणाले, "तुझी नोकरी जाईल हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग करशील चिन्हबदल."

ते त्यांनी सांगितलं की विचारलं, ते थोरलीला रात्रभर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग झाडून पुसून लख्ख केलेला. तपासनीस दुसऱ्या बाकाशी खुर्ची टाकून बसले. ते वर चढत चढत आलेले होते चित्रकलेतून. गणिताचं त्यांना एवढंच ठाऊक की त्याचं उत्तर मागे असतं. म्हणून त्यांनी ग्रंथ मागच्या पानावर उघडून मांडीवर ठेवला होता. शेजारच्या खुर्चीत, उशीवर, ग्रंथकार. दाराशी हेडसर. आणि दारामागे, पुस्तकांची नवी गठडी पोचवायचं निमित्त काढून आलेला थोरलीचा नवरा.

थोरलीने गणित लिहिलं. क्ष अधिक एक, भागिले क्ष उणे एक.

"आता क्षला जरासं पुढे ढकलू. वर क्ष अधिक ह अधिक एक. खाली क्ष अधिक ह उणे एक. यातून मूळ फलन वजा करायचं. छेद वेगवेगळे आहेत, म्हणून तिरका गुणाकार. पहिला गुणाकार, क्ष अधिक ह अधिक एक, गुणिले क्ष उणे एक. सोडवा."

मुलांनी सोडवलं. क्षचा वर्ग, अधिक ह क्ष, उणे ह, उणे एक.

"दुसरा. क्ष अधिक एक, गुणिले क्ष अधिक ह उणे एक."

क्षचा वर्ग, अधिक ह क्ष, अधिक ह, उणे एक.

"आता पहिल्यातून दुसरा वजा. दुसऱ्याला कंस घाला. कंस का?"

"कंसाबाहेरचं उणं आतल्या प्रत्येकाला लागतं!" अख्खा वर्ग ओरडला. खुर्चीतल्या ग्रंथकारांनी मान खाली घातली.

"वर्ग गेला, ह क्ष गेला, एक गेला. काय उरलं? उणे ह, आणि पुन्हा उणे ह. उणे दोन ह. आता ह ने भागा. वरचा ह गेला. आता सीमा. ह शून्याकडे नेला की खालचे दोन्ही कंस सारखे होतात." तिने लिहिलं: उणे दोन, भागिले क्ष उणे एकचा वर्ग.

तपासनीसांनी फळ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या पानाकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे. दाराशी हेडसर दोन्ही हातांनी हवेत काहीतरी उलटं करून दाखवत होते. तक्ताच टांगत होते जणू. खडू थोरलीच्या बोटांत होता. एका शब्दाचं काम होतं. एका शब्दात कायम.

"हे उत्तर खरं की खोटं, आपण तपासून बघू," ती म्हणाली. "क्षच्या जागी दोन घाला. किती?"

"तीन."

"क्ष तीन?"

"दोन."

"क्ष पाच?"

"दीड."

"तीन, दोन, दीड. क्ष वाढतोय. किंमत चढत असेल तर विकलज अधिक, उतरत असेल तर उणे. आता सांगा, चढतेय की उतरतेय?"

या वर्षीची वर्गप्रमुख मुलगी चाचरत उठली. "उतरतेय बाई." आणि लगेच पुढे, गुण जाऊ नये म्हणून, "पण चिन्हबदलानंतर चढते."

वर्ग हसला. तपासनीस हसले नाहीत; त्यांनी वहीत लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "बाईंचं अक्षर सुरेख आहे. परंतु उत्तर ग्रंथाशी जुळत नाही. दुःखाची गोष्ट आहे." थोरलीने खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. तिला खालच्या मजल्यावरचा कागदांचा गठ्ठा दिसला. दुमडलेले एका बाजूला, न दुमडलेले एका बाजूला.

तेवढ्यात उशी खाली पडली. ग्रंथकार उठले होते. काठी टेकत ते फळ्यापाशी आले. हेडसरांचा जीव भांड्यात पडला; आता खुद्द चिन्हबदल होणार. ग्रंथकारांनी कडेवरचा खडू उचलला, उत्तराजवळ नेला, आणि थोरलीने काढलेल्या उण्यावरून पुन्हा एक रेघ ओढली. मग आणखी एक. उणं चांगलं जाडजूड झालं, शेवटच्या बाकावरूनही दिसावं इतकं.

"उत्तर हेच," ते म्हणाले. "पुस्तकातलं चुकलंय. पहिल्यापासून. माझ्या हातून गेलं. चिन्हबदल बिन्हबदल काही नसतं, मी तोंड चुकवायला बोललो होतो."

दारामागे गठडी धप्पकन पडली. थोरलीचा नवरा दारात येऊन म्हणाला, "त्यांच्या हातून नाही, माझ्या. खिळा कमी पडला होता."

मग हेडसरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"बघा! बघा मुलांनो! याला म्हणतात विनम्रता! चूक नसताना चूक आपल्या अंगावर घ्यायची. आणि मुलगा बघा, बापाची चूक आपल्या अंगावर घेतोय, जी बापाने केलेलीच नाही! संस्कार म्हणतात ते हे!"

"अहो, खरंच चुकलंय," ग्रंथकार म्हणाले.

"मोठी माणसं असंच म्हणतात," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

"उतरतंय ते! तीन, दोन, दीड!"

"आपण म्हणाल तसं, गुरुजी." आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. ग्रंथकार हातातल्या खडूकडे पाहत राहिले. आयुष्यभर जे खोटं बोलले ते सगळ्यांनी झेललं होतं, आणि खरं बोलले तर टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "शेवटी चारचौघांत काढलंतच उणं. आत्ता कुठे पोरीचं पुन्हा जुळलंय, विहीणबाई काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत," मामंजी म्हणाले. "कुणाचा विश्वासच बसलेला नाही." मग मुलाकडे वळून, "उण्याचे खिळे मागव. भरपूर मागव." मुलाने एवढे मागवले की खण बंद होईना. आणि थोरलीला ते म्हणाले, "ये, बस. मला एक सांग. तो ह शून्य होतो का गं कधी?"

"होत नाही, मामंजी. जवळ जातो."

"मीही रोज जात होतो. ओट्यापर्यंत जायचो, कुणीतरी नमस्कार करायचं, की परत यायचो."

"जवळ जाऊन काय उपयोग," आतून सासूबाई म्हणाल्या. "दिवा लावा आधी कुणीतरी."

तपासनीसांनी थोरलीचा निर्णय केला नाही. बाईंचं उत्तर पुस्तकाविरुद्ध. पण पुस्तक लिहिणारा बाईंच्या बाजूने. पण तो विनम्रतेने बोलतोय असा हेडसरांचा दाखला. त्यांनी प्रकरण वर पाठवलं. वरच्यांना गणित येत नव्हतं, म्हणून त्यांनी तज्ज्ञाचं मत मागवायचं ठरवलं. त्या भागात विकलनावर पुस्तक लिहिलेला तज्ज्ञ एकच. पत्र रस्ता ओलांडून ग्रंथकारांच्याच घरी आलं. ग्रंथकारांनी उलटटपाली लिहिलं, उत्तर बरोबर आहे. सून माझी आहे, पण उणं गणिताचं आहे. वरून जबाब आला की तज्ज्ञ बाईंचे सासरे निघाल्यामुळे मत ग्राह्य धरता येत नाही, दुसरा तज्ज्ञ शोधण्यात येत आहे. तोवर बाईंनी तात्पुरतं शिकवावं. तात्पुरत्या जागा बंद झालेल्या असल्यामुळे ही जागा नेमकी काय होती हे कुणाला सांगता आलं नाही. कायम होण्याकडे ती रोज थोडी थोडी जात होती.

नव्या आवृत्तीत उणे दोन छापून आलं, जाडजूड खिळ्याने. मार्गदर्शकवाल्यांनीही लगेच सुधारणा केली. त्यांनी छापलं, 'चिन्हबदलाने' आणि त्याखाली 'पुन्हा चिन्हबदलाने', म्हणजे उत्तर नव्या पुस्तकाशी जुळावं. परीक्षेत त्याला आता दोन गुण होते. वर्गप्रमुख मुलगी थोरलीला भेटायला आली. तिने एकही चिन्हबदल न करता गणित सोडवलं होतं, तीन, दोन, दीड असा पडताळाही लिहिला होता. तिचे दोन गुण गेले होते. "पण उतरतेय ना बाई ती?" तिने विचारलं. थोरली म्हणाली, "उतरतेय." मुलगी मान हलवून गेली. त्या शाळेतलं थोरलीचं कमाईचं म्हणावं असं एवढंच.

नणंदेचं लग्न झालं. विहीणबाईंनी भर मांडवात ग्रंथकारांच्या विनम्रतेचं कौतुक केलं. आता ग्रंथकारांना कुणी खरं बोलू देत नव्हतं.

पुढे एक दिवस वरून हुकूम आला. त्यात लिहिलं होतं की ज्या तज्ज्ञांशी बाईंचं नातं असल्याचा आक्षेप होता ते तज्ज्ञ मयत झाल्याचं समजतं. सबब नातं उरलं नाही, सबब आक्षेप उरला नाही, सबब त्यांचं पूर्वीचं मत ग्राह्य धरून बाईंना कायम करण्यात येत आहे. थोरलीने हुकूम वाचला आणि खिडकीपाशी गेली. नखं कापायची कात्री अजून तिथेच होती. नवरा म्हणाला, "बरं झालं ना?" ती म्हणाली, "झालं."

ग्रंथकार वारले ते धाकटी मुलगी सासरी गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत, एका बुधवारी सकाळी, दाढीचं पाणी गरम होण्याआधी.